अक्रातला छापखाना, अनान्सेचं पुस्तक आणि तीन आठवड्यांचे नऊ आठवडे

आधी छापखान्याचं रेटिंग सांगून टाकते म्हणजे ज्यांना सगळं वाचायचा कंटाळा आहे ते सुटले. पाचपैकी साडेतीन. चित्रांना पूर्ण पाच, छपाईला चार, कव्हरला दोन, वेळ पाळण्याला भोपळा. मालकाच्या स्वभावाला किती द्यायचे ते अजून ठरत नाहीये, कारण मी तणतणत गेले की तो आधी खुर्ची पुसतो, मग फ्रीजमधली थंड पाण्याची पिशवी काढून हातात देतो आणि मग शांतपणे सांगतो की मॅडम, तुमचं काम अजून झालेलं नाही. आता यावर माणूस भांडणार तरी कसं.

तर झालं असं की मी इथल्या, म्हणजे घानाची राजधानी अक्रामधल्या एका छोट्या प्रेसकडून मुलांचं गोष्टींचं पुस्तक करून घेतलं. चित्रं, मांडणी, छपाई, बाइंडिंग सगळं एकाच छताखाली. सहा गोष्टी, ४० पानं, १८ चित्रं, ३०० प्रती. ओळखीतल्या तिघीचौघींनी विचारलं कुठे केलंस, किती पडले, त्रास झाला का, म्हणून प्रत्येकीला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहिते. प्रेसचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, एक तर मी पुढे तक्रारी पण करणार आहे आणि माणूस छोटा आहे, दोन मशीन आणि सहा माणसं, माझ्या बोंबलण्याने त्याचं गिऱ्हाईक तुटायला नको. क्वामे एन्क्रुमा सर्कलच्या मागच्या गल्ल्यांमध्ये आहे एवढं सांगते.

गोष्टी कुठून आल्या ते सांगितल्याशिवाय बाकीचं कळणार नाही. आम्ही सहा वर्षं इथे आहोत, नवऱ्याची नोकरी जवळच्या तेमा शहरात. आमच्या कंपाउंडमध्ये शेजारी एक नाना राहतात. नाना म्हणजे आपले नाना नव्हेत, इथे अकान लोकांमध्ये आजी असो की आजोबा, दोघांनाही नानाच म्हणतात, या आजी आहेत, अशांती लोकांच्या कुमासी शहराकडच्या. लेक लहान होती तेव्हा लाइट गेले की (इथे त्याला डुमसोर म्हणतात, म्हणजे गेले-आले गेले-आले) सगळी पोरं यांच्या पायरीवर जमायची आणि नाना अनान्सेच्या गोष्टी सांगायच्या. अनान्से म्हणजे कोळी. क्वाकू अनान्से त्याचं पूर्ण नाव, क्वाकू म्हणजे बुधवारी जन्मलेला. महा लबाड, महा खादाड, आणि तरी गोष्ट संपेपर्यंत आपण त्याच्याच बाजूने. अकान लोक या सगळ्या गोष्टींना अनान्सेसेम म्हणतात, म्हणजे कोळ्याच्या गोष्टी, मग त्यात कोळी असो नसो.

मी म्हटलं हे रेकॉर्ड करून ठेवूया. एक दिवस दुपारी फोन घेऊन गेले तर नाना हसायलाच लागल्या. दिवसा गोष्ट सांगत नाहीत म्हणे, सांगायची ती अंधार पडल्यावर. मग काय, रात्रीच्या रात्री बसून रेकॉर्डिंग, मागे रातकिडे, जनरेटर, कुणाचं तरी रडणारं बाळ. गोष्ट सुरू करताना त्या आधी म्हणतात की आम्ही जे सांगणार आहोत ते खरं आहे असं आमचं म्हणणं नाही हं, अजिबात नाही. आणि शेवटी म्हणतात की ही माझी गोष्ट गोड लागो न लागो, थोडी दुसरीकडे घेऊन जा, थोडी माझ्याकडे परत येऊ दे. मला तर एकदम आपलं साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण आठवलं, कुठे अशांती लोक आणि कुठे आपण, पण गोष्टीला दार लावायची सवय सारखीच.

मग लोभ वाढला. आमचा वॉचमन व्होल्टा भागातला, एवे भाषा बोलणारा, त्यांच्याकडे कोळ्याचं नाव यियी. त्याची सुरुवात वेगळी, सांगणारा ओरडतो "मिसे ग्ली लो!" म्हणजे ऐका गोष्ट, आणि सगळे म्हणतात "ग्ली नेवा!" म्हणजे येऊ दे गोष्ट. अक्रातल्याच निमा भागात हाउसा लोकांपैकी एक चहावाला आहे, मोठ्या मगात कंडेन्स्ड मिल्क ओतून चहा आणि सोबत अंडं-पाव, त्याच्याकडे कोळ्याचं नाव गिझो आणि बायकोचं नाव कोकी. त्याने गिऱ्हाइकं सांभाळत सांभाळत दोन संध्याकाळी मिळून एकच गोष्ट पूर्ण केली. अशा नानांच्या चार गोष्टी, वॉचमनची एक, चहावाल्याची एक.

आता चित्रं. इथे मी पहिली माती खाल्ली. घरबसल्या होईल म्हणून नेटवरून एका चित्रकाराला काम दिलं, कुठल्या देशातला ते सांगत नाही, रेट स्वस्त, रिव्ह्यू चांगले. पहिली चार चित्रं आली आणि मी कपाळाला हात लावला. न्यामे म्हणजे आकाशातला देव, त्याच्याकडून गोष्टी विकत घेण्यासाठी अनान्सेला बिबट्या पकडून आणायचा असतो, तर यांनी काढला पट्टेरी वाघ. आफ्रिकेच्या जंगलात वाघ! मागे जिराफ उभा. पश्चिम आफ्रिकेतले जिराफ आता नायजरमध्ये उरलेत आणि ही गोष्ट घानाच्या दाट जंगलातली. माणसं सगळी गवताचे घागरे घालून. नानांच्या अंगणात पत्र्याचं छप्पर आहे, कोळशाची शेगडी आहे, टीव्हीचा अँटेना आहे, गवताचा घागरा मी तरी सहा वर्षांत पाहिला नाही.

पण सगळ्यात मोठा घोटाळा मडक्याचा. गोष्ट अशी आहे की अनान्से जगातलं सगळं शहाणपण गोळा करून एका मडक्यात भरतो आणि कुणाला मिळू नये म्हणून उंच झाडावर लपवायला निघतो. मडकं बांधतो पोटावर. आता पोटावर मडकं बांधून झाडावर कसं चढणार, सारखा घसरतो. खालून त्याचा पोरगा न्तिकुमा म्हणतो, बाबा, मडकं पाठीवर बांधा की. झालं, सगळं शहाणपण आपल्याकडे असून ही अक्कल पोराकडे कशी राहिली या संतापात मडकं हातातून सुटतं, फुटतं आणि शहाणपण जगभर पसरतं. म्हणजे पोटावरचं मडकं हीच गोष्ट आहे! आणि या महाशयांनी काढलं मडकं डोक्यावर घेतलेला कोळी, गालावर खळी, डोळ्यांत चांदण्या. तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा त्यांनी मडकं पाठीवर काढून दिलं. पैसे गेले ते गेले.

त्यानंतर या प्रेसमध्ये गेले, तेही फक्त छपाईचा रेट विचारायला. मालकाने पीडीएफ पाहिली, चष्मा वर केला आणि पहिला प्रश्न विचारला की फोकलोअर बोर्डाची परवानगी घेतली का. मी म्हटलं लोककथेला कसली परवानगी, ती तर सगळ्यांचीच असते. तर नाही. घानाच्या २००५ च्या कॉपीराइट कायद्यात, अ‍ॅक्ट ६९० म्हणतात त्याला, लोककथांचे हक्क राष्ट्राध्यक्षांच्या नावे आहेत, जनतेच्या वतीने विश्वस्त म्हणून, आणि कायद्याने ज्या थोड्या वापरांना सूट दिलीय ते सोडून बाकी काही करायचं तर नॅशनल फोकलोअर बोर्डाकडे अर्ज करून फी भरावी लागते. मी परदेशी म्हणून नव्हे, घानाच्या माणसालाही तेच. हे मला त्या नेटवरच्या कुणीही सांगितलं नव्हतं. मालकाने अर्जात काय काय लिहायचं ते पण सांगितलं, गोष्ट कुणाकडून ऐकली, कुठल्या भागातली, किती प्रती, विकणार का वाटणार. ते काम मी रीतसर करून घेतलं. आयएसबीएनचं, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचं पण त्यानेच सांगितलं, तो इथल्या जॉर्ज पॅडमोर रिसर्च लायब्ररीतून मिळतो, ९७८-९९८८ ने सुरू होतो, आणि कव्हर फायनल करायच्या आधी घ्या नाहीतर बारकोडला जागा राहत नाही. मी कागदाचा रेट विचारायला गेले होते आणि तासभर फुकट शिकवणी घेऊन आले.

दुसरी अक्कल साइझची. मला पुस्तक चौकोनी हवं होतं, आठ बाय आठ इंच, गोड दिसतं म्हणून. मालकाने टेबलावर छपाईचा मोठा कागद अंथरला आणि त्यावर माझं चौकोनी पुस्तक उघडून ठेवलं, आजूबाजूला बराच कागद मोकळा. म्हणाला हा कटिंग करून कचऱ्यात जाणार आणि पैसे तुम्ही पूर्ण कागदाचेच देणार. त्याच कागदावर ए-फोर उभं पुस्तक उघडून बरोबर बसतं. म्हणजे त्याच पैशात पान कितीतरी मोठं. आणि पानं चारच्या पटीत धरा, मधे पिना मारायच्या तर ३८ पानं असं काही नसतं, ३६ करा नाहीतर ४०. मी ४० केली.

आता चित्रकार. प्रेसच्याच मागच्या खोलीत बसतो, एरवी दुकानांचे बोर्ड आणि लग्नपत्रिका करतो, तिशीचा असेल. मी त्याला नेटवरची चित्रं दाखवली, तो काही बोलला नाही, फक्त वाघाकडे बोट दाखवून मालकाकडे बघून हसला. मग म्हणाला रेकॉर्डिंग द्या, टाइप केलेलं नको. दोन रात्री ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी एक वहीचा कागद घेऊन आला. त्यावर एक तक्ता. उभ्या रांगेत सहा गोष्टी, आडव्या रांगेत तीन कॉलम, केस, कंबर, टोपी.

मला आधी कळेना. तर तो म्हणाला की एका गोष्टीत अनान्सेला दोन गावांत एकाच दिवशी जेवणं असतात, दोन्ही हवीत म्हणून तो कमरेला दोन दोऱ्या बांधतो, एक टोक एका पोराकडे, एक दुसऱ्याकडे, जेवण सुरू झालं की ओढा. जेवणं सुरू होतात एकाच वेळी, दोन्हीकडून ओढाओढ, आणि तेव्हापासून कोळ्याची कंबर बारीक. दुसऱ्या गोष्टीत तो सासूच्या मयताला उपास धरल्याचं नाटक करतो आणि गुपचूप गरमागरम घेवड्यासारखे दाणे टोपीत लपवतो, डोकं भाजतं, टोपी हलवायचा हा आमचा नाच आहे म्हणून नाचत सुटतो आणि शेवटी टक्कल पडतं. आता तुम्ही कंबरेची गोष्ट चौथी ठेवली आणि टकलाची दुसरी, मग तिसऱ्या गोष्टीत त्याला टक्कल आहे पण पोट सुटलेलं आहे, आणि पहिल्या गोष्टीत मात्र कंबर आधीच बारीक. पोरं विचारतील. म्हणून क्रम बदला. आधी न्यामेची गोष्ट, पोटवाला केसवाला अनान्से. मग कंबर गेली. मग केस गेले. मग बारीक कंबरेचा टकला माणूस पोटावर मडकं बांधून झाडाशी झटतोय, मडकं घसरणारच.

मी सहा महिने त्या गोष्टी डोक्यात घेऊन फिरत होते आणि मला हे दिसलं नव्हतं. त्याच दिवशी अ‍ॅडव्हान्स दिला.

अनान्से माणूस की कोळी हाही प्रश्न होता. मला वाटायचं गोड कोळी काढावा, तर हा म्हणे नाना एकदा तरी म्हणाल्या का की तो कोळी दिसतो? बायको आहे, अ‍ॅसो नाव तिचं, पोरं आहेत, शेत आहे. त्याने काढला लांब हातापायांचा एक काका, इथले पुरुष घालतात तसं मोठं कापड डाव्या खांद्यावरून घेतलेला, उजवा खांदा उघडा, आणि कापडाचा घोळ एवढा की खाली पाय किती आहेत ते कळतच नाही. लेक दर पानावर पाय मोजायचा प्रयत्न करते. झाड काढलं ते पण खरं, ओन्यिना म्हणजे आपली पांढरी सावर, खोडाला टोकदार काटे आणि बुंध्याला भिंतींसारखी मुळं, त्यामुळे चढणं किती अवघड ते न सांगता कळतं. न्यामेच्या गोष्टीतला गांधीलमाश्या पकडायचा तुंबा पाहून मला आपला चल रे भोपळ्या टुणूक टुणूक आठवला. तसा मी त्याला म्हणाले पण, मग ती गोष्ट सांगावी लागली, मग मशीनमन पण येऊन बसला, तासभर काम बंद. उशिराला मी पण थोडी जबाबदार आहे हे मान्य.

गाण्यांची आयडिया पण त्याचीच. गोष्ट चालू असताना मधेच ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी थांबवून गाणं सुरू करतं, सगळे टाळ्या वाजवतात, मग गोष्ट पुढे. याला म्मोगुओ म्हणतात. एफुआ सदरलंड या घानाच्या मोठ्या नाटककार, त्यांनी हीच पद्धत रंगमंचावर आणली, आणि १९६० च्या दशकात एकुम्फी आत्विया नावाच्या गावात गोष्टींसाठी खास एक घर उभं राहिलं ते पण त्यांच्यामुळे, कोद्झिदान म्हणतात त्याला, गोष्टीघर. चित्रकार शाळेच्या सहलीला तिथे गेला होता. मी गाणी शेवटी एकत्र टाकणार होते, परिशिष्टासारखी. त्याने ती गोष्टीच्या मधे, वाक्य अर्धवट तोडून, पूर्ण पिवळ्या पानावर मोठ्या अक्षरात टाकली. वाचताना खरंच थांबावं लागतं. पोरं त्या पानाची वाट बघतात.

त्याचा देव म्हणजे मेशॅक असारे, घानाचे लेखक आणि चित्रकार दोन्ही, १९८२ चा नोमा पुरस्कार मिळालेले, आणि मी चित्राबद्दल काही शंका काढली की तो असारेंचं नाव घेऊन मला गप्प करायचा. रॅट्रे नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९३० मध्ये अशांती गोष्टींचा मोठा संग्रह काढला, त्यानेसुद्धा चित्रं इथल्याच लोकांकडून काढून घेतली होती. त्या साहेबाला तेव्हा कळलं आणि मला नेटवर पैसे घालवून कळलं.

आता तक्रारींकडे. पहिली फॉन्टची. अकान लोकांच्या ट्वी भाषेत दोन अक्षरं अशी आहेत जी इंग्रजीत नाहीत, एक उलट्या सी सारखं आणि एक उलट्या तीनसारखं. इथली पोरं मेसेज टाइप करताना त्याऐवजी सरळ बंद कंस आणि तीनचा आकडा टाकतात आणि सगळ्यांना वाचता येतं, ते ठीक आहे. पण प्रेसमध्ये जुळणी करणाऱ्या मुलाने पुस्तकात पण तेच केलं! गाण्यांच्या पानावर एवढ्या मोठ्या अक्षरात, शब्दाच्या मधे तीनचे आकडे. पहिल्या प्रूफवर मी लाल पेनने ५७ ठिकाणी गोल केले. तो म्हणाला पण मॅडम, वाचता येतंय ना. नानांनी पाहिलं आणि विचारलं की हे गाणं आहे का फोन नंबर. मग त्याने ती अक्षरं असलेला फॉन्ट टाकला, पण अर्पणपत्रिकेवर माझी एकच ओळ मराठीत होती, "आजीला, जिच्या गोष्टी राहून गेल्या", तिची वाट लागली. पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसली, जिच्याचं काहीतरी भलतंच झालं, ष्ट चे दोन तुकडे. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय भाषांसाठी एक सेटिंग बदलावं लागतं, वर्ल्ड-रेडी कंपोझर म्हणून, ते त्याला माहीत नव्हतं आणि मला शोधायला दोन रात्री लागल्या. कुणी करणार असाल तर मराठी मजकूर आपल्या कॉम्प्युटरवर नीट बसवून, अक्षरांचं चित्र करून मगच द्या, वाद नको.

वेळेचं काय सांगू. फायनल फाइल दिली ऑक्टोबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात, कबूल केले तीन आठवडे. मला नोव्हेंबरमध्ये लेकीच्या शाळेच्या पुस्तक प्रदर्शनात ठेवायचं होतं. आता मला कळायला हवं होतं की ७ डिसेंबरला इथे निवडणूक आहे. गल्लीतल्या प्रत्येक मशीनवर उमेदवारांचे हसरे चेहरे धडाधड छापले जात होते, माझा फर्मा बाजूला. त्यातून वेळ मिळाला तर मयताची पोस्टरं, इथे मयत म्हणजे मोठा सोहळा, शनिवारी, आणि त्याचं रंगीत पोस्टर शुक्रवारच्या आत लागतंच, मेलेला माणूस थांबू शकत नाही पण अनान्से थांबू शकतो असं मालकाचं लॉजिक. मी फोन केला की उत्तर "आय अ‍ॅम कमिंग". इथे नवीन असलेल्यांसाठी सांगते, आय अ‍ॅम कमिंग म्हणजे मी येतोय असा अर्थ नाही, मी जातोय आणि कधीतरी परत येईन असा अर्थ आहे. तीन आठवड्यांचे नऊ झाले. प्रदर्शन गेलं. मी एकदा तिथे बसून रडले पण, खोटं कशाला बोला.

पण त्याच नऊ आठवड्यांतली एक संध्याकाळ सांगते, जिच्यामुळे रेटिंग साडेतीनच्या खाली जात नाही. सगळी गोष्ट रात्रीची, त्यामुळे चित्रं पण रात्रीची, काळं-निळं आकाश, कंदिलाचा उजेड, नाना आणि भोवती पोरं. कागदावर अप्रतिम. मशीनवरून पहिला कागद निघाला आणि मला वाटलं ठीक आहे, जरा डार्क आहे. मशीनमनने कागद उजेडाला धरला, खिशातून ती छोटी भिंगाची डबी काढली, डोळा लावला आणि एवढंच म्हणाला, चेहरे गेले. खरंच, मागे बसलेली तीन पोरं अंधारात मिसळली होती, फक्त दात आणि डोळे. म्हणाला असं छापलं तर हे आमच्या मुलांचं पुस्तक नाही, आमची थट्टा आहे. काळ्या शाईचा नळ कमी केला, पाच-सहा कागद वाया घालवले, तरी होईना. मग चित्रकाराला बोलावलं, त्याने कॉम्प्युटरवर चेहऱ्यांमधून काळं काढून त्या जागी लाल आणि पिवळं वाढवलं, म्हणजे तपकिरी रंग काळ्यातून न येता जास्त करून त्या दोघांतून येईल, नव्या प्लेट काढल्या, त्याचे पैसे मालकाने मागितले नाहीत. मधे लाइट गेले, जनरेटरवर चालू ठेवलं. रात्री साडेनऊला जो कागद निघाला त्यात सगळ्यात मागच्या पोराच्या गालावर कंदिलाचा उजेड दिसत होता. तो कागद मी फ्रेम करून लावलाय. नेटवरून फाइल पाठवून छापलं असतं तर ते तीन चेहरे ३०० प्रतींमध्ये गायबच असते आणि बहुतेक माझ्याही लक्षात आलं नसतं.

कव्हरचं मात्र मी माफ करणार नाही. ठरलं होतं ३०० जीएसएम (कागदाचं वजन, आकडा मोठा तेवढा कागद जाड), वर मॅट लॅमिनेशन. डिसेंबरमध्ये हातात आलं तेव्हा सुंदर, सपाट, कारण तेव्हा हर्मटान सुरू झाला होता, सहाराकडून येणारी कोरडी धुळीची हवा. मार्चमध्ये हवा दमट झाली आणि सगळी कव्हरं बाहेरच्या बाजूला वळायला लागली, तव्यावरचा पापड वळतो तशी. कागद ओल पितो आणि फुगतो, वरचं प्लॅस्टिक पीत नाही, म्हणून वळतं, हे मला मशीनमननेच समजावलं, आणि समजावता समजावता त्याच्या तोंडून निघून गेलं की २५० चा कागद होता म्हणून जास्त वळलं. मालक म्हणाला तेव्हा निवडणुकीमुळे बाजारात ३०० चा मिळत नव्हता. मग सांगायचं ना बाबा! पैसे मात्र ३०० चे घेतले. शेवटी त्याने त्या फरकाच्या बदल्यात ४० पोस्टकार्डं छापून दिली, मी घेतली, पण हा हिशोब झाला असं मी समजत नाही.

पिना चांगल्या, एकही सुटली नाही. कटिंग बारा-पंधरा प्रतींमध्ये तिरकं. वास पहिले दोन आठवडे रॉकेलसारखा, नंतर गेला.

पैसे सगळ्या जणी विचारतात म्हणून. छपाई ४२ सेडी (इथलं चलन) एका प्रतीला, ३०० प्रतींचे १२,६००. चित्रं २५० सेडी एक, १८ चे ४,५००. एकूण १७,१०० सेडी, निम्मे आधी निम्मे पुस्तक हातात आल्यावर, सगळं मोबाइल मनीवर. बोर्डाची फी वेगळी. नेटवरच्या वाघाचे धरले नाहीत. कमी प्रती काढल्या तर एका प्रतीचा रेट एकदम चढतो कारण प्लेटचा खर्च तेवढाच राहतो, ५० प्रतींच्या नादाला लागू नका, त्यापेक्षा डिजिटल करा. आणि पावतीवर कागदाचा जीएसएम लिहून घ्या, हे माझ्या कव्हरची शपथ घेऊन सांगते.

पहिली प्रत नानांना नेऊन दिली, भर दुपारी. त्यांनी चष्मा लावून सगळी चित्रं बघितली, स्वतःला कंदिलापाशी ओळखलं, पदरासारखं कापड ओढून घेतलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. लेक म्हणाली वाचूया ना, तर म्हणाल्या रात्री ये.

निमाच्या चहावाल्याला तीन प्रती दिल्या, दोन त्याने गिऱ्हाइकांना विकल्या. वॉचमनने त्याची गोष्ट असलेलं पान उघडून गेटच्या केबिनमध्ये चिकटवलंय, म्हणजे पुस्तक फाडलं, पण ते चालतंय.

आता ३०० पैकी सव्वीस उरल्यात आणि दोन शाळांनी अजून मागितल्यात. परवा रीप्रिंटचं बोलायला गेले, २०० प्रती, कव्हर ३०० जीएसएम, फाइल तयार, काही बदल नाही. मालकाने खुर्ची पुसली, पाण्याची पिशवी दिली, भिंतीवरचं कॅलेंडर नीट बघितलं आणि म्हणाला, तीन आठवडे. मी शाळांना नऊ सांगितलेत.